जुनी आवृत्ती आणि न उघडलेलं पत्र

सर, नमस्कार.

डेबियन या स्वयंसेवकांनी उभारलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मी एका देवनागरी फॉन्टचं पॅकेज सांभाळतो, म्हणजे मूळ कर्त्यांचा फॉन्ट तपासून, बांधून लोकांपर्यंत पोचवतो. या कामाला मी मागच्या लेखात सेवा म्हटलं, त्यावर तुम्ही लिहिलंत : "गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या शाळेत १४ कॉम्प्युटर डेबियनवर चालतात. तुम्ही सांभाळता त्या देवनागरी फॉन्टची नवी आवृत्ती येऊन वर्ष होत आलं, तुमच्याकडे अजून जुनीच. ठळक अक्षरांत 'ऱ्या' मोडतो म्हणून पत्र पाठवलं, त्याला चार महिने उत्तर नाही. फुकट आहे म्हणजे जबाबदारी नाही असं होत नाही. जमत नसेल तर सोडा, दुसऱ्या कोणाला तरी द्या."

पत्राचं आधी बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे. तुमचं पत्र गणेश चवथीच्या आधी आलं आणि मी ते नाताळ उलटल्यावर उघडलं. नोकरी, घर, दिवसभराचं काम हे सगळं प्रत्येकाला असतं, तुम्हालाही आहे. "मिळालं, बघतो" एवढं लिहायला एक मिनिट लागलं असतं.

आणि चूक नुसती शिष्टाचाराची नव्हती. मराठी शिकवणाऱ्याला मी हे सांगायला नको, पण इतरांसाठी लिहितो : 'आचार्यांना' बोलावलं तर गुरुजी येतात, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर स्वयंपाकी. हा फरक ज्या अक्षरावर उभा आहे, तो य ला डावीकडून चिकटणारा अर्धा र, हिंदी मजकुरावर फॉन्ट तपासणाऱ्याच्या नजरेला पडतच नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J ची कळ दाबली की खाली टिंब असलेला ऱ येतो, मग हलन्त, मग य. युनिकोडमध्ये या ऱ ला स्वतंत्र जागा आहे. पण त्यापुढे य आला की कोणता आकार काढायचा, हा नियम फॉन्टमध्ये लिहिलेला असावा लागतो. आमच्या जुन्या आवृत्तीत साध्या वळणासाठी तो होता, ठळक वळणात राहून गेला होता. दुरुस्ती दोन ओळींची. तुमचं पत्र वेळेत उघडलं असतं तर नव्या आवृत्तीची वाट न बघता तेवढ्या दोन ओळी जुनीत घालून पुढच्या पॉइंट रिलीजसाठी, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या दुरुस्त्यांच्या संचासाठी, पाठवता आल्या असत्या. स्टेबलमध्ये, म्हणजे लोक रोज वापरतात त्या पक्क्या डेबियनमध्ये, गंभीर चुकांच्या दुरुस्त्या अशाच जातात. मराठी फॉन्टमध्ये मराठी शब्द मोडणं ही माझ्या लेखी गंभीरच चूक.

नव्या आवृत्तीचं मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

ती २०२५च्या फेब्रुवारीत आली. मी लगेच उतरवून घेतली, कारण मलाही ती हवी होती. पॅकेज बांधताना डेबियनमध्ये एक फाइल लिहावी लागते, तिचं नाव कॉपीराइट. मूळ कर्त्यांनी दिलेल्या गठ्ठ्यातली प्रत्येक फाइल कोणाची, कोणत्या परवान्याखाली, हे तिच्यात नोंदवायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि बाहेरच्या कोणाला ते दिसत नाही. पण माझ्या मते मेंटेनरचं, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याचं, मुख्य काम हेच. नवा क्रमांक टाकून पॅकेज पुन्हा बांधणं दहा मिनिटांचं, स्क्रिप्टही ते करेल. फाइली एकेक उघडून बघताना मला आढळलं, की काही जोडाक्षरं दुसऱ्या एका फॉन्टमधून उचललेली आहेत आणि त्या फॉन्टचा परवाना म्हणतो : व्यापारी वापर नको.

तुम्ही म्हणाल, शाळेला त्याचं काय? शाळेला आज काही नाही. पण १९९७ साली डेबियनने स्वतःचा सामाजिक करार मान्य केला, त्यात मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं याच्या कसोट्या आहेत, आणि त्यांतली एक सांगते, की कोणत्याही क्षेत्रातल्या वापराला मनाई असता कामा नये. उद्या वाळपईचा एखादा छापखानावाला हाच फॉन्ट वापरून लग्नपत्रिका छापेल. डेबियनच्या मुख्य भांडारातली वस्तू निर्धास्त वापरता येते एवढ्या एका भरवशावर तो ती घेतो. तो भरवसा मी दहा मिनिटांच्या कामासाठी मोडायचा का? मी मूळ कर्त्यांना लिहिलं. तेही स्वयंसेवकच. त्यांनी ती जोडाक्षरं नव्याने रेखाटली आणि ऑक्टोबरमध्ये सुधारित आवृत्ती दिली. तेव्हा फेब्रुवारी ते ऑक्टोबर हा काळ परवान्याचा. ऑक्टोबरनंतरचा माझा.

दरम्यान डेबियन १३ बाहेर पडलं, ९ ऑगस्ट २०२५ला. त्याआधी काही महिने फ्रीझ असतो, म्हणजे नवं काही आत घ्यायचं नाही, आहे त्यातल्या चुका काढायच्या. तुमच्या लॅबमध्ये हेच १३ आहे, आणि स्टेबलमध्ये नव्या आवृत्त्या सहसा घालतच नाहीत. त्यात ६९,८३० पॅकेजेस आहेत आणि डेबियनचे अधिकृत डेव्हलपर साधारण एक हजार, जगभर विखुरलेले. एक पॅकेज दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर उभं असतं. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने वीट बदलली, तर परीक्षेच्या दिवशी तुमचे १४ कॉम्प्युटर सुरूच होणार नाहीत.

माझं आजोळ गोव्यातच, तिसवाडीत, खाजन शेतीचं, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीचं. बांधाला मानस म्हणजे पाण्याचं दार असते, तिची फळी भरतीला नदीच्या रेट्याने आपोआप मिटते आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते. डेबियनमध्येही नवं पॅकेज आधी अनस्टेबल या कच्च्या भांडारात पडतं आणि साधारण पाच दिवसांत गंभीर तक्रार आली नाही, चाचण्या पार पडल्या, तर आपोआप टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढचं स्टेबल जिथे घडतं तिथे, सरकतं. आजोबा फळी उघडझाप करायला जात नसत, कुजलीय का ते हाताने चाचपायला जात. खारं पाणी एकदा शेतात शिरलं तर पुढचे काही हंगाम भात हाती लागत नाही.

असं पाणी एकदा दाराशी आलं होतं. २९ मार्च २०२४ला आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने जाहीर केलं, की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार आहे. एसएसएचने, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरशी सुरक्षित जोडून घेणाऱ्या साधनाने, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून तो मागावर गेला होता. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये त्या आवृत्त्या पोचल्या होत्या, स्टेबलमध्ये नव्हत्या. पण मला जास्त अस्वस्थ करते ती त्यामागची गोष्ट. ते सॉफ्टवेअर एकच थकलेला माणूस सांभाळत होता. काही अनोळखी नावं त्याला वारंवार लिहीत होती : तुम्ही संथ आहात, दुसऱ्याला द्या. त्याच सुमारास एक मदतनीस पुढे आला, दोनेक वर्षं मन लावून काम केलं, विश्वास मिळवला, आणि चोरदार बसवलं ते त्यानेच.

सर, तुमचा हेतू तो नाही हे मला पूर्ण ठाऊक आहे. तुम्ही मुलांसाठी लिहिलंत. तरीही "दुसऱ्या कोणाला तरी" यातल्या 'तरी'ला माझी हरकत आहे. द्यायचं तर कोणाला, हे बघून द्यावं लागतं. त्यासाठी रीत आहे. मला जमत नसेल तर मी पॅकेज अनाथ म्हणून जाहीर करायचं, म्हणजे इच्छुक पुढे येतात. मी गप्पच बसलो, तर दुसरा कोणी ते ताब्यात घेण्याचा इरादा उघडपणे नोंदवू शकतो आणि २१ दिवस माझ्या हरकतीची वाट बघून पुढे जाऊ शकतो. तुमच्या पत्रानंतर मी गप्प होतो तेव्हा कोणी असं केलं असतं, तर मला तक्रारीला जागा नव्हती. धरून बसायचं आणि उत्तरही द्यायचं नाही, हा सगळ्यांत वाईट प्रकार, आणि ते चार महिने मी तेच केलं.

फुकट म्हणजे बेजबाबदार नव्हे, हे तुमचं वाक्य मला शब्दशः मान्य आहे. २००६ साली डेबियनमध्येच ओपनएसएसएल या माहिती गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये एक बदल झाला आणि त्यामुळे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या ओळखता येण्याइतक्या मोजक्या उरल्या. ते २००८च्या मे महिन्यात लक्षात आलं. बदल करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण चांगल्या हेतूने जगभरच्या लोकांच्या किल्ल्या सुरक्षित राहिल्या नाहीत.

नवी आवृत्ती मी गेल्या आठवड्यात अनस्टेबलमध्ये चढवली. टेस्टिंगमध्ये सरकली की बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे स्टेबलसाठी नव्या आवृत्त्या वेगळ्या ठेवतात त्या भांडारात, घालतो, मग डेबियन १३ न बदलता तुम्हाला ती मिळेल. आणखी एका मेंटेनरशी बोललो आहे, यापुढे पॅकेजवर दोघांची नावं असतील, म्हणजे पत्र एकाच दारात अडकणार नाही.

तुम्हाला एक विनंती. आधी एकाच कॉम्प्युटरवर घाला, चौदांवर नको. आणि 'आचाऱ्यांना', 'दऱ्याखोऱ्या', 'कोऱ्या वह्या' हे ठळक अक्षरांत प्रिंटरवर छापून बघा. माझ्या चाचण्या स्क्रीनपुरत्याच आहेत, कागदावर काय उतरतं ते माझ्याकडे दिसत नाही. मोडलं तर त्या कागदाचा फोटो पाठवा.