रस्त्याचा खोडवा कसा घ्यावा

ऊस तुटून गेला की त्याच बुडख्यांवर खोडवा येतो, जमीन धरून असेल तर निडवा म्हणजे तिसरं पीकही निघतं. गावरस्त्याचं पीक याच जातीचं आहे, पण नव्या सरपंचांना हे कोणी सांगत नाही. ते पहिल्याच निधीत टिकाऊ रस्ता करून बसतात. मग पाच वर्षं त्या वाटेवर नारळ फोडायला जागा नाही, कार्यकर्त्यांना काम नाही आणि निवडणुकीच्या भाषणात दाखवायला खड्डा नाही. तुमच्या हातून असा घात होऊ नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.

आधी बियाणं, म्हणजे हेड, सरकारचा पैसा ज्या लेखाशीर्षातून येतो त्याचा आकडा. गावातल्या गल्लीसाठी २५१५ मागा, जुन्या रस्त्याच्या दुरुस्तीला ३०५४, नव्याला ५०५४. शिवाय जिल्हा नियोजनातून जनसुविधा आहे, आमदार-खासदारांचा निधी आहे. एकाच रस्त्यासाठी सगळीकडे अर्ज टाकावेत, कुठला उगवेल सांगता येत नाही. फक्त प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या वाटेला जाऊ नये. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत नव्या जोडणीला लोकसंख्येची अट होती, सपाटीला ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५०. अट एक वेळ परवडते. पण तिथे ठेकेदाराच्या गळ्यात पाच वर्षांची देखभाल बांधलेली असते आणि बाहेरचे निरीक्षक येऊन रस्ता खणून बघतात. अशा जमिनीत खोडवा धरत नाही.

कामाच्या नावात अर्धं यश असतं. ‘साखळी क्रमांक ०/००० ते ०/३००’ असलं, रस्त्यावरचं नेमकं अंतर सांगणारं काही प्रस्तावात येऊ देऊ नका. आकडा आला की जागा पक्की झाली. त्याऐवजी ‘मारुती मंदिर ते पाटलांचे घर रस्ता काँक्रीटीकरण करणे’ असं लिहावं. दोन वर्षांनी तेच काम ‘पाटलांचे घर ते मारुती मंदिर’ होतं. तिसऱ्या खेपेला मंदिराऐवजी शेजारची अंगणवाडी धरावी. सलग ९०० मीटरचा रस्ता एकाच अंदाजपत्रकात बसवणं हा तर अडाणीपणा. तीन तुकडे केले की प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली सरकतो आणि भूमिपूजनंही तीन होतात.

ग्रामसभेची धास्ती घेऊ नका. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते लागतं. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब करायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.

आता मशागत. ही नीट समजून घ्या, कारण सगळं पीक इथेच ठरतं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसून भेगाळते. म्हणून जाणता अभियंता तिच्यावर आधी मुरमाचा जाड थर देतो, दाबतो, दोन्ही बाजूंनी गटार काढतो. तुम्ही खडी थेट मातीवर ओतू द्या. पहिल्या पावसात माती खडीच्या फटींतून वर येईल आणि खडी खाली जाईल. लोक म्हणतील, जमीनच वाईट. त्यात खोटं काही नाही.

खडीकरणाचा थर दाबून ७५ मिलिमीटर भरायचा तर सैल खडी साधारण १०० मिलिमीटर पसरावी लागते. ती ७५च पसरावी आणि टेप रोलर यायच्या आधी लावावा. मोजमाप पुस्तिकेत ७५ लिहिलं जातं, फोटोतही ७५ दिसतं. रोलर फिरल्यावर पंचावन्नच्या आसपास उरते, पण तोवर मोजणारे साहेब चहाला गेलेले असतात. रोलरनेही फार फेऱ्या मारू नयेत, डिझेल महाग आहे.

वर २० मिलिमीटरचं डांबरी कार्पेट येतं. ते मुळातच सच्छिद्र असतं, पाणी अडवायचं काम त्यावरच्या सीलकोटचं. म्हणून सीलकोट कागदावर ठेवावा. रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता हवा, असा एक जुना हट्ट आहे. पावणेचार मीटर रुंदीला ३ टक्के उतार धरला तर मध्य कडेपेक्षा जेमतेम साडेपाच सेंटिमीटर वर येतो. एवढ्याशासाठी कोण दोरी ताणत बसणार? रस्ता सपाट ठेवा आणि साइडपट्टीचा मुरूम डांबरापेक्षा चार बोटं उंच टाका. झाला तलाव. डांबराला ट्रकपेक्षा साचलेलं पाणी लवकर मारतं, आणि पाण्यावर कोणी गुन्हा दाखल करत नाही.

काँक्रीटवाल्यांनी हिरमुसून जाऊ नये. सिमेंटचा रस्ता वीस वर्षं टिकतो असं म्हणतात, पण त्यालाही औषध आहे. कडेला फळ्या पूर्ण सहा इंचांच्या लावा आणि खालचा मुरूम मध्यभागी फुगवून ठेवा. कडेने बघणाऱ्याला सहा इंच काँक्रीट दिसतं, मध्ये साडेतीन-चारच असतं. नमुन्याचं भोक पाडायला कोणी आलं तर खुर्ची, छत्री आणि शहाळं कडेलाच मांडावं. माल पातळ ठेवावा, म्हणजे आपोआप पसरतो आणि मजूर दुवा देतात. जास्तीच्या पाण्याने काँक्रीट कमजोर होतं, ते नंतरचं नंतर. दर चार मीटरला सांधा कापायचा असतो, तोही पहिल्या दिवसभरातच. कटर ‘उद्या येतो’ असं कळवावं. रस्ता स्वतःच तडा देऊन सांधा करून घेईल, फक्त सरळ रेषेत नाही. राहिलं पाणी मारणं. किमान १४ दिवस आळी बांधून रस्ता ओला ठेवायचा असतो, पण कामं निघतात एप्रिल-मेमध्ये. गाव टँकरवर असताना रस्त्याला पाणी पाजणं माणुसकीला धरून नाही.

आणखी एक खुबी. जुनं काँक्रीट उखडू नये, त्यावरच नवा थर चढवावा. दोन-तीन खेपांत रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पावसाचं पाणी घरात शिरतं. मग बायाबापड्या पंचायतीवर येतात आणि गटाराची मागणी तुम्हाला सुचवावीही लागत नाही.

कामांचा क्रम चुकवू नका. आधी रस्ता, मग नळाची पाइपलाइन, शेवटी गटार. १५ व्या वित्त आयोगाने ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेला बांधून ठेवला होता. त्या बंधितातून सांडपाण्याचं गटार आणि अबंधितातून रस्ता, अशी दोन्ही कामं एकाच वर्षी करून टाकणारे सरपंच निघालेच. त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. जलजीवन या नळयोजनेचा चर नव्याकोऱ्या रस्त्यातून जातो तेव्हाच त्याची शोभा. वर लोटलेली माती पावसात दबते आणि लांबच लांब नाली तयार होते. तिला गावात सगळे ‘पाइपलाइनवाल्यांचा खड्डा’ म्हणतात, तुमचं नाव निघत नाही.

कापणी ३१ मार्चला. निधी परत जाईल, या एका वाक्यावर सगळ्या सह्या होतात. तेव्हा देयक आधी, रस्ता सवडीने.

पहिल्या पावसाळ्यात खड्डे दिसले तर गडबडून पत्र लिहू नका. दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराच्या हमीची मुदत, चालू असताना लिहिलं की ठेकेदाराला ते पदरच्या पैशाने बुजवावे लागतात, त्याची ठेव अडकते आणि तुमचा खोडवा बुडतो. मुदत कधी संपते ते कामाच्या फलकावर लिहिलेलं असतं. म्हणून फलक पश्चिमेला तोंड करून लावावा, उन्हाने अक्षरं उडतात. रक्कम आणि तारीख पिवळ्यावर पांढऱ्याने रंगवली तर आणखी बरं.

या पिकावर कीड एकच पडते. माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेची आणि अंदाजपत्रकाची नक्कल काढून कोणी पोरगा पहार आणि टेप घेऊन रस्त्यावर उतरला, आणि त्याने कडेला न खणता बरोबर मध्यभागी खणलं, तर फवारणी उपयोगाची नाही. त्याला पुढच्या तुकड्याचं काम देऊन पाहावं. तरीही तो खणतच राहिला तर मात्र नाइलाज आहे, रस्ता नीट करावा लागेल.