स्लीपर क्लास म्हणालात म्हणून लिहितेय

आज दुपारी आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर मार्चच्या सुट्टीचं चाललं होतं. हॅम्बुर्गच्या शाळांना मार्चच्या सुरुवातीला सुट्टी असते, शहरात धड एक टेकडी नाही पण इथले लोक या सुट्टीला स्कीची सुट्टीच म्हणतात आणि निम्मं शहर आल्प्सकडे पळतं. तर कुणीतरी टाकलं की आपणही चार-पाच घरं मिळून ऑस्ट्रियात टिरोलला जाऊ या का, पोरं मोठी झालीत आता. मी लिहिलं, रात्रीची गाडी घेऊ, संध्याकाळी जेवून बसायचं आणि सकाळी इन्सब्रुक. त्यावर एका महाशयांनी हसून लोळणाऱ्या बाहुल्या टाकून लिहिलं, "स्लीपर क्लासने फिरायला युरोपात आलो का?" आणि त्याखाली धडाधड अंगठे.

तिथे काही बोलले नाही, कारण त्याच ग्रुपवर गणपतीची वर्गणी, पोरांची मराठी शाळा, दिवाळीचं फराळाचं वाटप सगळं चालतं, वाईटपणा कोण घेणार. इथे माझी वॉल आहे, इथे लिहिते.

स्लीपर क्लासने फिरायला म्हणे! अरे बाबा, तुझं-माझं कॉलेज कशावर झालं? विदर्भ, महालक्ष्मी, सेवाग्राम यांच्याच जिवावर ना? वेटिंगचं तिकीट खिशात, बाथरूमजवळ पेपर अंथरलेला, आणि टीसी आला की चेहरा पाडायचा, हेच केलंय आपण सगळ्यांनी. आता पगार युरोमध्ये आला म्हणून बर्थ या शब्दाचीही लाज वाटायला लागली. जर्मन शेजारी रात्रीच्या गाडीने गेला की तो पर्यावरणवादी, त्याच्या स्टोरीला आपण हिरवे बदाम टाकतो, आणि आपल्यातलं कुणी गेलं की ते कंजूष.

माझ्या नानांबद्दल काही जणांना माहीत आहे. भुसावळला रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाले. (आता म्हणे गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, नानांना ते अजिबात आवडलेलं नाही.) काही वर्षांपूर्वी नाना आणि आई इथे आले होते तेव्हा आम्ही त्यांना घेऊन हॅम्बुर्गहून इन्सब्रुकला रात्रीच्या गाडीनेच गेलो. नवऱ्याची इच्छा विमानाची होती, मी हट्ट केला. तेव्हा नवीन डबे यायचे होते, जुना सहा बर्थचा कुशेट (म्हणजे झोपायचा कंपार्टमेंट) होता, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन, मधे शिडी. आई, नाना, आम्ही दोघं, दोन पोरं, सहाच्या सहा जागा आपल्या, दार लावलं की घर. अटेंडंट येऊन तिकिटं घेऊन गेला, चादर उशी पांघरूण ठेवलेलंच होतं. आई हॅनोव्हर यायच्या आत घोरायला लागली.

नाना झोपले नाहीत. ते रात्रीच्या गाडीत कधी झोपतच नाहीत, सवयच नाही. माझ्या लहानपणी रात्री-अपरात्री कॉल बॉय दारात यायचा, वही पुढे करायचा, नाना सही करायचे, आई उठून डबा भरायची आणि नाना निघायचे. आमच्यासाठी रात्रीची गाडी म्हणजे वडील घरी नाहीत एवढंच. त्यांनी उभ्या आयुष्यात हजारो लोकांना झोपवून नेलं असेल, पण स्वतः आडवे होऊन, अंगावर पांघरूण घेऊन, कुणीतरी दुसरा जागा आहे या भरवशावर प्रवास फारसा केलाच नाही. हे मला त्या रात्री कळलं, तोपर्यंत कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तर ही गाडी न्यूर्नबर्गला थांबते, आणि तिथे तिचे भाग होतात, काही डबे व्हिएन्नाकडे, काही इन्सब्रुककडे. मध्यरात्र कधीच उलटून गेलेली. मला जाग आली तर खालचा बर्थ रिकामा. बाहेर आले तर नाना कॉरिडॉरमध्ये खिडकीला नाक लावून उभे, लोकरीची माकडटोपी, खाली पायजमा, आणि शेजारी आमचा अटेंडंट. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. नाना हाताने दाखवतायत, इंजिन इकडून गेलं, तिकडून येणार, आता धक्का बसेल. आणि बसला. नाना माझ्याकडे वळून एकदम खूश होऊन म्हणाले, "बघ, लागलं." अटेंडंटला त्यांनी आपली ओळख करून दिली होती, "आय गार्ड. भुसावळ." त्याला भुसावळ हे आडनाव वाटलं. सकाळी तो ब्रेड, लोणी, जॅम आणि कॉफीचा ट्रे घेऊन आला तो थेट, "गुटेन मॉर्गेन, हेर भुसावळ!" (हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत.)

पोरं अजूनही त्यांना हेर भुसावळ म्हणतात.

विमानाने गेलो असतो तर काय झालं असतं सांगू? हॅम्बुर्गहून म्युनिक तासा-सव्वातासात, खरंय. पण आधी दोन तास विमानतळावर, आईची पर्स उघडून त्यातली लोणच्याची बाटली काढून टाकणार, स्कीच्या बॅगेचे वेगळे पैसे, म्युनिकला पट्ट्यावर बॅगांची वाट, मग तिथून परत ट्रेन किंवा बस दोन-अडीच तास. एका विमान कंपनीने (नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच) आमच्या स्कीच्या बॅगा दोन दिवस उशिरा दिल्यात, तोवर आम्ही भाड्याचे बूट घालून पोटऱ्या सोलून घेतल्या. आणि गाडी चालवत जाणाऱ्यांनी तर बोलूच नये. साधारण नऊशे किलोमीटर, त्यात सुट्टीतला शनिवार, सगळ्या हॉटेलांत त्याच दिवशी जुने पाहुणे बाहेर आणि नवे आत, म्हणजे अख्खी जर्मनी त्याच रस्त्यावर. शिवाय ऑस्ट्रियाचा टोलचा स्टिकर घ्या, नोव्हेंबर ते मध्य एप्रिल रस्त्यावर बर्फ असला की बर्फाचा टायर हवाच. पोहोचेपर्यंत नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसतात. आम्हीही नव्हतो.

बरं, रात्रीची गाडी महाग आहे. मान्य. ऐनवेळी तिकीट काढलं तर अख्खं कंपार्टमेंट खिसा रिकामा करतं. आणि उशीर होतो, एकदा तर आमचा आरक्षित डबाच जोडलेला नव्हता, सिटिंगमध्ये बसून रात्र काढली, ती गाडी कुणाची होती ते जाऊ दे. झालं, कबूल केलं. पुढे.

महाग का आहे हे कुणी विचारत नाही मात्र. आंतरराष्ट्रीय विमानाच्या इंधनावर कर नाही, तिकिटावर व्हॅट नाही, आणि रेल्वेने मात्र रुळाच्या प्रत्येक किलोमीटरचं भाडं भरायचं, विजेचे पैसे, रात्रभर माणसं कामाला, आणि एक डबा दिवसभर उभा राहून रात्री एकदाच कमावतो. बसून जाणाऱ्या डब्यात साठ-सत्तर माणसं मावतात, झोपायच्या डब्यात त्याहून कमी. जर्मन रेल्वेने २०१६च्या डिसेंबरमध्ये आपल्या रात्रीच्या गाड्या बंदच केल्या, परवडत नाही म्हणून. ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यातल्या बऱ्याच घेतल्या, निळा रंग दिला, नाइटजेट नाव दिलं आणि चालवून दाखवल्या. नव्वद लाख लोकांचा देश, आणि आठ कोटींच्या देशातल्या पोरांना रात्री झोपवून बर्फात नेतोय. त्यांनी २०२३च्या डिसेंबरपासून हॅम्बुर्गच्या मार्गावर नवे कोरे डबे टाकले, एकट्या माणसासाठी छोटी बंद खोपटी, स्की आणि सायकल ठेवायला वेगळी जागा. आणि तिकडे फ्रान्स सरकारने मदतीचा हात आखडता घेतल्याबरोबर पॅरिसहून बर्लिन आणि व्हिएन्नाच्या नाइटजेट २०२५च्या डिसेंबरमध्ये बंद. मोठा गाजावाजा करून सुरू केलेल्या, मंत्री स्टेशनवर फोटोला उभे होते, तेच. मला इतका संताप आला होता तेव्हा. विमानतळाला पैसे आहेत, हायवेला आहेत, रात्रीच्या चार डब्यांना नाहीत.

आणि तुम्ही तिथे बाहुल्या टाकताय.

हे लिहिताना जरा शांत झालेय, चहा घेऊन आले. ज्याने ते लिहिलं तो माणूस वाईट नाही. त्याच्या मुलीला ताप होता तेव्हा मीच पाहिलंय त्याला, रात्रभर जागा होता. मला वाटतं त्यालाही दारात पेपर अंथरलेली एखादी रात्र आठवत असेल आणि ती परत नको असेल. ते समजू शकते. नवऱ्याचंही तेच होतं. पण मग त्यावर उपाय म्हणजे चांगल्या गाडीत बसणं आहे ना रे, की जिथे चादर स्वच्छ आहे, दाराला आतून कडी आहे, बाथरूमजवळ कुणी झोपलेलं नाही.

त्या सकाळचं अजून सांगायचं राहिलं. कुफश्टाइनला ऑस्ट्रिया लागते, तिथून गाडी इन नदीच्या काठाने जाते, दोन्ही बाजूंना डोंगर. बर्फ बघून पोरं वरच्या बर्थवरून खाली उड्या मारतायत, आई पोरांना स्वेटर घालतेय, नऊच्या सुमारास इन्सब्रुक. १९६४ आणि १९७६, दोनदा हिवाळी ऑलिंपिक झालेलं गाव, आणि स्टेशनच्या बाहेर पडलं की रस्त्याच्या टोकाला डोंगर अंगावर येतो. विमानाने येणारी माणसं त्या वेळी अजून सिक्युरिटीच्या रांगेत पट्टा काढून उभी असतात.

आम्ही तिथून झेफेल्ड या स्कीच्या गावाला गेलो, लोकलने. इन्सब्रुक साडेपाचशे-सहाशे मीटरवर, झेफेल्ड जवळजवळ बाराशेवर, आणि ती गाडी हा चढ तासाच्या आत चढते, कड्याच्या पोटातून बोगदे, खाली दरी. १९१२ साली झालेली लाइन, आणि सुरू झाली तेव्हापासून विजेवर. नाना खिडकीतून मागे-पुढे बघत होते, मला म्हणाले, "बँकर कुठंय?" मी म्हटलं, कसला बँकर? तर कसारा घाटात चढाला मागून जी जादाची इंजिनं लावतात ना ती. कसाऱ्याला सदतीस फुटाला एक फूट चढ, इथे त्याहून उभा, आणि ही चार डब्यांची पोरटी गाडी एकटीच सुरसुरत निघालीय, हे त्यांना पटेना. शेवटी खाली उतरून त्यांनी ती गाडी पुढून मागून बघितली, ड्रायव्हरला नमस्कार केला, आणि मगच हॉटेलला आले.

स्कीइंग नानांनी केलं नाही, गुडघे. पोरं पहिल्याच दिवशी दुपारी स्कीच्या शाळेत उभी होती, सरकत्या पट्ट्यावरून वर जायचं आणि खाली यायचं. मास्तरीण ओरडायची "पिझ्झा" की पायाची टोकं जुळवून ब्रेक, "पॉमेस" (म्हणजे फ्रेंच फ्राइज) म्हटलं की पाय सरळ आणि सुसाट. नाना खाली बाकावर बसून गरम कोको पीत दिवसभर तेच ऐकायचे आणि संध्याकाळी आईला सांगायचे की सिग्नलिंग चांगलं आहे इथलं. मी पडले, खूप पडले, नवरा माझ्याहून जास्त पडला, त्याबद्दल वेगळी पोस्ट होईल.

परतीला मात्र आम्ही दिवसाची गाडी घेतली, कारण आईला सगळं बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर तीही छान झाली. म्हणजे रात्रीचीच हवी असा माझा हट्ट नाही. रुळावरून या एवढंच म्हणणं. ज्या बर्फासाठी आपण एवढे पैसे घालतो तो दर वर्षी कमी पडतोय, झेफेल्डलाही तोफा लावून बर्फ करतात, आणि त्यासाठी विमानाने जायचं हे तुम्हाला कुणाला पटत नाहीये मला माहीत आहे, तुम्ही माझेच मित्र आहात. फक्त "सोयीचं पडतं" म्हणता. सोय! नानांना विचारा सोय म्हणजे काय. त्यांना रात्रभर जाग होती आणि तरी सकाळी त्यांच्यासारखा ताजा माणूस डब्यात नव्हता. अटेंडंटचा पत्ता मागत होते, त्याला भुसावळची केळी पाठवायची म्हणून. इतक्या लांब केळी काळी पडतील हे त्यांना समजावता समजावता इन्सब्रुक आलं.

असो. मार्चचं मी बघतेय. आम्ही चौघं आहोत, चार-चार जागांची दोन कंपार्टमेंट मिळाली तर चार जागा उरतात, कुणाला यायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा कारण सुट्टीतली तिकिटं पटकन जातात. घोरणारे चालतील, आम्हाला आईची सवय आहे. मोठ्या चाकांच्या तीन-तीन सुटकेस आणणारे चालणार नाहीत. वरचा बर्थ पोरांचा. आणि ग्रुपवरचे ते महाशय हे वाचत असतील तर, खालची एक जागा तुझ्यासाठी ठेवते, पण पुरणपोळ्या तू आणायच्या, तुझ्या बायकोच्या हातच्या, तुझ्या नकोत.