कॅमेऱ्यामुळे मॉडर्न आर्ट जन्मलं? तारखा जुळत नाहीत

चित्रकलेचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास फॉरवर्ड होते. 1839 मध्ये कॅमेरा आला, हुबेहूब चित्रं काढणाऱ्यांचा धंदा बसला. मग मोने वगैरे फ्रेंच चित्रकारांनी, म्हणजे इम्प्रेशनिस्टांनी, कॅमेऱ्याला जमणार नाही म्हणून धूसर चित्रं काढायला घेतली. तसंही त्यांना नीट रेखाटन येतच नव्हतं. लोक हसले, व्हॅन गॉगचं उभ्या आयुष्यात एकच चित्र विकलं गेलं आणि पुढे गॅलरीवाल्यांनी हाच माल कोटींना खपवला. ऐकायला सुटसुटीत आहे, म्हणूनच पसरते. एकेक मुद्दा घेऊ.

सुरुवात बहुतेक वेळा पॉल देलारोश या फ्रेंच चित्रकाराच्या उद्गाराने होते. छायाचित्राचं तंत्र शोधणाऱ्या दॅगेरची छायाचित्रं पाहून तो म्हणे म्हणाला, ‘आजपासून चित्रकला मेली.’ वाक्य झकास आहे, पण त्या काळच्या कागदपत्रांत त्याला आधार नाही. आधार आहे तो उलट गोष्टीला. दॅगेरचा शोध फ्रेंच सरकारने घ्यावा म्हणून फ्रान्स्वा आरागो या शास्त्रज्ञाने 1839 मध्ये संसदेपुढे जो अहवाल ठेवला, त्यात देलारोशचा हवाला आहे, आणि तो या तंत्राने कलेची मोठी सेवा होईल असा. तेव्हा देलारोश पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत सुमारे 27 मीटर लांबीचं भित्तिचित्र रंगवत होता. ते त्याने 1841 मध्ये पुरं केलं. चित्रकला मेली असं वाटणारा माणूस एवढी भिंत कशाला अंगावर घेईल?

आता ‘धंदा बसला’ हा मुद्दा, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन भरलं 15 एप्रिल 1874 रोजी. म्हणजे कॅमेऱ्यानंतर 35 वर्षांनी. या मधल्या काळात वास्तववाद संपला नाही, उलट तेव्हाच जोरात आला. कुर्बे या चित्रकाराने गावाकडची अंत्ययात्रा सुमारे साडेसहा मीटर रुंद कॅनव्हासवर रंगवून 1850-51 च्या सलाँ या सरकारी प्रदर्शनात मांडली आणि 1855 मध्ये ‘वास्तववाद’ अशी पाटी लावून स्वतंत्र मंडपच उभारला. गुळगुळीत, केसन् केस दिसणारी चित्रं काढणारे मेसोनिए, जेरोम, ब्युगरो हे तर त्या काळातले सर्वांत मालदार चित्रकार. ब्युगरो 1905 मध्ये वारला, तोवर अमेरिकन शेठ त्याच्या चित्रांसाठी पैसे मोजत होते. आणि 1860-70 च्या दशकांत मोने मित्रांकडे उधारीची पत्रं लिहीत होता. कॅमेऱ्याने हुबेहूबवाल्यांच्या पोटावर पाय दिला असता तर हे चित्र नेमकं उलटं दिसायला हवं होतं.

पोटावर पाय आला तो दुसऱ्यांच्या. हस्तिदंतावर तळहाताएवढी व्यक्तिचित्रं काढणारे मिनिएचरवाले कारागीर होते. दिस्देरी या पॅरिसच्या छायाचित्रकाराने 1854 मध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या फोटोंचं पेटंट घेतलं आणि स्वस्त फोटो घरोघर गेले, तसा त्यांचा व्यवसाय आटला. त्यांच्यातल्या काहींनी फोटो रंगवून देण्याचं काम धरलं. इम्प्रेशनिस्टांपैकी यंत्रामुळे काम गेलेला एक माणूस आहे खरा: रेन्वार. पोरवयात तो चिनी मातीच्या भांड्यांवर फुलं रंगवायचा, छपाईचं यंत्र आलं आणि ते काम सुटलं. पण ते यंत्र कॅमेऱ्याचं नव्हे.

शिवाय स्पर्धा म्हणावी तर कशात? कॅमेऱ्याला रंगच नव्हते. व्यवहारात वापरता येईल अशी रंगीत छायाचित्राची काच ल्युमिएर बंधूंनी बाजारात आणली 1907 मध्ये. आणि इम्प्रेशनिस्टांचा सगळा जीव रंगात. त्यांना घडवणाऱ्या गोष्टी शोधायच्या तर कॅमेऱ्याच्या दुकानात नाही, रंगाच्या दुकानात जावं लागतं. पूर्वी घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. वापरताना टाचणीने भोक पाडायचं, रंग पिळायचा, भोक बुजवायचं. पिशवी फुटायची, रंग वाळायचा. असलं लटांबर घेऊन नदीकाठी कोण जाणार? जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये पिळता येणाऱ्या धातूच्या नळीचं पेटंट घेतलं आणि आख्खी रंगपेटी खांद्यावर आली. अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडापासून बनणारा महागडा निळा आता कारखान्यात होऊ लागला होता. कोबाल्ट निळा, व्हिरिडियन हिरवा, कॅडमियम पिवळा हेही रसायनशास्त्राने त्याच शतकात दिले. रेल्वेने पॅरिसहून आर्जांतेई हे नदीकाठचं गाव जवळ आणलं, आणि मोने 1871 पासून काही वर्षं तिथेच राहिला.

1839 हे साल ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी त्याच सालचं एक पुस्तक सांगतो. मिशेल शव्रल हा रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोब्लँ या गालिच्यांच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळं सूत मळकट दिसतं, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने सूत तपासलं तर ते चोख निघालं. खोट होती शेजारात: निळ्या-जांभळ्या रंगांना लागून विणलं की काळा फिका वाटायचा. दोन रंग शेजारी आले की एकमेकांना कसे बदलतात याचा नियमच त्याने मांडला, तो या 1839 च्या ग्रंथात. पुढे सरा या चित्रकाराने तो अभ्यासून बिंदू-बिंदूंनी चित्रं रंगवली. बर्फावरच्या सावल्या मोनेला करड्या न दिसता निळ्या दिसल्या, त्यामागे हाच विचार आहे.

कॅमेऱ्याचा काहीच परिणाम झाला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. दॅगेरने 1838 च्या सुमारास पॅरिसच्या बुलव्हार द्यु तांप्लचं छायाचित्र घेतलं. रहदारीचा रस्ता, पण चित्रात सगळा ओसाड, कारण प्रकाशाला काही मिनिटं लागायची आणि चालणारी माणसं उमटतच नव्हती. उमटला तो बूट पॉलिश करून घेत स्थिर उभा राहिलेला एक जण. मोनेने पुढे ‘बुलव्हार दे काप्युसीन’मध्ये वरून दिसणारी गर्दी कुंचल्याच्या काळ्या फटकाऱ्यांनी मांडली, तोवर कॅमेरा वेगवान झाला होता आणि उंचावरून टिपलेले रस्त्यांचे फोटो बाजारात मिळत होते. ती नजर तिथून आली असणं शक्य आहे. देगा या इम्प्रेशनिस्टाच्या चित्रांत कडेला अर्धी कापलेली माणसं दिसतात, तिथेही फोटो आठवतो, जरी लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी चित्रांचा वाटा तेवढाच मोठा. 1874 चं ते प्रदर्शन भरलं तेही नादार या प्रसिद्ध छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. शत्रूच्या घरात कोणी मांडव घालत नाही. आणि कॅमेऱ्याची सर्वांत थेट मदत घेतली ती हुबेहूबवाल्यांनीच: छायाचित्रकार मायब्रिजचे धावत्या घोड्यांचे फोटो आले तेव्हा मेसोनिएला आपले घोडे पुन्हा तपासावे लागले.

कॅमेऱ्याने वास्तववाद मरतो हा नियम असता तर तो मुंबईलाही लागला असता. इथे फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये. आणि त्यानंतरच धुरंधर, हळदणकर यांच्यासारख्या चित्रकारांचं वास्तवदर्शी काम बहरलं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि व्यक्तिचित्रंही रंगवली. त्यांना यात काही विरोध जाणवल्याचं दिसत नाही.

‘चित्र काढता येत नव्हतं’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. देगा एकोल दे बोझारमध्ये अँग्र या रेखाटनासाठी गाजलेल्या चित्रकाराच्या शिष्याच्या हाताखाली शिकला आणि लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला करत राहिला. माने (हा मोनेहून वेगळा) सुमारे सहा वर्षं कुत्यूर या चित्रकाराच्या स्टुडिओत होता. मोने शाळकरी वयात ल हाव्र गावात लोकांची व्यंगचित्रं काढून विकत असे. पिकासोचं 1897 मधलं ‘सायन्स अँड चॅरिटी’ पाहा, तेव्हा तो सोळाही पुरा नव्हता.

राहता राहिलं व्हॅन गॉग आणि गॅलरीवाले. ‘द रेड विनयार्ड’ हे चित्र 1890 मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनातून ॲना बॉश या चित्रकर्तीने 400 फ्रँकना घेतलं. नाव आणि किंमत पक्की माहीत असलेली ही विक्री, म्हणून ती ‘एकमेव’ ठरली. त्याआधी 1882 मध्ये त्याच्या एका काकांनी द हेग शहराची रेखाचित्रं पैसे देऊन काढून घेतली होती, हे सांगितलं जात नाही. चित्रकार व्हायचं त्याने ठरवलं 1880 मध्ये आणि जुलै 1890 मध्ये तो गेला, म्हणजे नाव व्हायला वेळच मिळाला नाही. त्याच 1890 मध्ये मोनेने जिव्हर्नी गावातलं घर विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी शेतातल्या गंजींची चित्रं मांडली ती झपाट्याने विकली गेली. ती मांडणारा गॅलरीवाला पॉल द्युराँ-र्युएल 1870 च्या दशकापासून ही चित्रं घेत होता. 1882 मध्ये एक बँक बुडाली तेव्हा त्याच्यावर दिवाळखोरीची वेळ आली होती, आणि 1886 मध्ये सुमारे 300 चित्रं घेऊन तो न्यूयॉर्कला गेला, कारण पॅरिसमध्ये पुरेसं गिऱ्हाईक नव्हतं. लोकांना गंडवून श्रीमंत व्हायचं असतं तर तो सरळ ब्युगरोचीच चित्रं विकत बसला असता. ती तर कोणीही डोळे मिटून घेत होतं.