स्थायी समितीचे अहवाल वाचायचे कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि बरीचशी नेमकीही. ती सगळ्यांनी वाचली असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीवरचा, म्हणजे शिक्षण मंत्रालयाचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या समितीवरचा, माझा लेख तुम्हाला भाबडा वाटला. खासदार बंद खोलीत बसतात, चहापान होतं, जाडजूड अहवाल निघतो आणि मंत्रालय तो माळ्यावर टाकतं. गरिबाचं मूल वर येतं ते वर्गातल्या मास्तरामुळे आणि आईबापाच्या कष्टामुळे, दिल्लीतल्या कागदांमुळे नाही. आणि शेवटचा टोला : नापास करायला बंदी घालून पोरांचं वाटोळं केलं, तेव्हा ही समिती कुठे होती?

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हे तर समितीच्या नियमांतच आहे. अहवालाकडे विचारपूर्वक दिलेला सल्ला म्हणून पाहावं, एवढीच अपेक्षा. सदस्य ३१, त्यांतले २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मुदत वर्षाची, त्यामुळे विषयात शिरेपर्यंत वर्ष संपतं. रोजच्या कारभारात हात घालायचा नाही, हेही ठरलेलं. हे सगळं मान्य केल्यावर उरतं काय, असं तुम्ही विचाराल. उरतं ते अहवालानंतरचं काम, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमका त्याचा उल्लेख नाही.

अहवाल सादर झाला की मंत्रालयाला साधारण तीन महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर लेखी उत्तर द्यावं लागतं. त्या उत्तरांवर समिती पुन्हा बसते आणि 'कार्यवाही अहवाल' काढते. त्यात शिफारशींची वाटणी असते : सरकारने मान्य केलेल्या, उत्तर पटल्यामुळे समितीने सोडून दिलेल्या, उत्तर न पटल्यामुळे समितीने पुन्हा लावून धरलेल्या, आणि अंतिम उत्तरच न आलेल्या. सर, मी अहवाल उघडतो तो या शेवटच्या दोन भागांसाठी. 'बाब विचाराधीन आहे' हे वाक्य तिथे वर्षानुवर्षं कसं टिकून राहतं ते पाहण्यासारखं असतं. सरकारने नाही म्हटलं, का म्हटलं, की नुसतं टोलवलं, हे तारखेनिशी छापलेलं मिळतं. मंत्र्याच्या भाषणातून ते मिळत नाही आणि माहितीच्या अधिकारातून मिळवायला काय यातायात पडते ते तुम्ही जाणता. शिवाय अहवालांवरच्या अंमलबजावणीबद्दल मंत्र्याने सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करावं, असा २००४ पासूनचा दंडक आहे. तो किती निष्ठेने पाळला जातो, हा वेगळा लेख होईल.

ज्या शिफारशीवरून तुम्ही चिडलात तीच घेऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये दिग्विजय सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने म्हटलं की खासगी उच्च शिक्षण संस्थांत अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५ आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा देणारा कायदा संसदेने करावा. तुम्ही म्हणता, हे मतांसाठी. असेलही. पण यामागचा घटनाक्रम बघा. असा कायदा करता यावा म्हणून २००५ साली ९३वी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि अनुच्छेद १५(५) आला. २००६ चा केंद्रीय कायदा मात्र फक्त केंद्राच्या शिक्षणसंस्थांपुरता झाला. खासगी विनाअनुदानित संस्थांनाही ही तरतूद लागू करता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. अल्पसंख्याक संस्था तेवढ्या वगळलेल्या. म्हणजे अधिकार आहे, न्यायालयाची हरकत नाही, आणि तरी केंद्राचा कायदा नाही. (महाराष्ट्रात खासगी व्यावसायिक महाविद्यालयांसाठी २००६ पासून राज्याचा कायदा आहे, हे तुम्हाला सांगायला नको.) समितीने तीन नामांकित खासगी संस्थांचे आकडे मागवले, तर तिन्ही मिळून अनुसूचित जातींचे विद्यार्थी एक टक्कासुद्धा नाहीत आणि जमातींचे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. देशातले बहुसंख्य विद्यार्थी आता खासगी महाविद्यालयांत शिकत असताना या आकड्यांना किरकोळ म्हणायचं?

कायदा लगेच होईल असं मला वाटत नाही. पण 'खासगी संस्थांत वंचितांची मुलं किती?' याचं उत्तर आता संसदेच्या कागदावर आहे. उद्या कुणी न्यायालयात गेलं किंवा एखाद्या खासदाराने तारांकित प्रश्न टाकला, तर त्याला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.

आता मास्तर आणि आईबाप. तुम्ही आयुष्यभर शिकवलंत, तेव्हा वर्गाचं मोल मी तुम्हाला काय सांगणार? पण मूल तुमच्या वर्गातून दहावी पास होऊन बाहेर पडल्यावर काय होतं? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठी १९४४ पासून आहे. मध्यंतरी केंद्र आणि राज्य यांच्या वाटणीचं सूत्र असं फिरलं की केंद्राचा वाटा जवळजवळ दहा टक्क्यांवर आला. राज्यांचे पैसे थकले, महाविद्यालयांनी फीसाठी मुलांना अडवलं. वर्गात पहिला आलेला मुलगा इथे काय करणार, आणि त्याचा मास्तर तरी काय करणार? सामाजिक न्याय मंत्रालयाचं काम पाहणाऱ्या स्थायी समितीने ही थकबाकी उघडकीला आणली आणि तो मुद्दा लावून धरला. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ६०:४० हे सूत्र आणलं, पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली आणि त्यातले ३५,५३४ कोटी केंद्राने द्यायचे ठरले. हे समितीमुळे झालं असा दावा मी करणार नाही. राज्यं ओरडत होती, विद्यार्थी संघटना रस्त्यावर होत्या. पण आई मजुरीला जाते म्हणून मुलगी शिकली, हे अर्धंच खरं असतं. तिच्या खात्यात पैसे वेळेवर आले की नाही, हे विचारणारं कुणीतरी लागतं.

उलट, जिथे छाननी झालीच नाही तिथे काय होतं तेही पाहा. १९८६ चं शैक्षणिक धोरण संसदेत चर्चेला आलं आणि संसदेने ते स्वीकारलं. २०२० चं धोरण मंत्रिमंडळाने २९ जुलैला, कोविडच्या ऐन धामधुमीत मंजूर केलं. धोरण म्हणजे विधेयक नव्हे, त्यामुळे मतदान सक्तीचं नव्हतंच. अर्थसंकल्पाच्या वेळीही बहुतेक मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या 'गिलोटिन'खाली, म्हणजे वेळ संपला म्हणून सगळ्या एकदम, चर्चेविना मंजूर होतात. शिक्षण त्यात गेलं, तर त्या वर्षी त्या मागण्यांची खरी तपासणी फक्त स्थायी समितीत झालेली असते.

आणि राज्यात? ९ फेब्रुवारी २०२४ ला एका अधिसूचनेने शिक्षणहक्क कायद्याचे नियम बदलले. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट. ना विधेयक, ना आधी सभागृहात चर्चा. पालकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. मे महिन्यात स्थगिती मिळाली, जुलैमध्ये तो बदल रद्द झाला. न्याय झाला, पण प्रवेशाचे महिने त्यात गेले. एखाद्या समितीने 'हे कुणाच्या सोयीसाठी?' एवढा प्रश्न आधी विचारला असता तर काय बिघडलं असतं?

खासदार पक्षाच्या तालावर नाचतात, हा तुमचा मुद्दा सभागृहापुरता खरा आहे. बंद खोलीत, कॅमेरा नसताना, ते जरा वेगळे वागतात. केंद्राच्या 'पीएम श्री' या आदर्श शाळांच्या योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून तमिळनाडू, केरळ आणि पश्चिम बंगालचा 'समग्र शिक्षा' या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेचा निधी अडला. तो असा अडवणं योग्य नाही, असं याच शिक्षणविषयक समितीने मार्च २०२५ मध्ये लिहिलं. समितीत सत्ताधारी खासदारही आहेत, हे विसरू नका.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सभागृहात बहुमत सरकारचं होतं, निकाल आधीच ठाऊक होता. तरी ते मांडलं गेलं आणि सहा वर्षांत विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांपुरता तसा कायदा करून घेतला. एवढंच सांगून पुढे जातो, नाहीतर तुम्ही म्हणाल इतिहासात लपला.

नापासबंदीच्या वेळी समिती कुठे होती? तिथेच होती. शिक्षणहक्काचं विधेयक समितीकडे गेलं होतं, तिचा अहवाल फेब्रुवारी २००९ चा. बंदी सैल करणारं २०१७ चं दुरुस्ती विधेयकही समितीकडे गेलं आणि २०१९ च्या जानेवारीत मंजूर झालं. पाचवी आणि आठवीला परीक्षा, दोन महिन्यांत फेरपरीक्षा, मग मागे ठेवायचं की नाही ते सरकारने ठरवायचं. इथे तुमचं आणि माझं जमणार नाही. वर्षभर मास्तरला निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला जुंपायचं आणि शेवटी नापास मुलाला करायचं, हे मला पटत नाही. तुम्ही म्हणता धाक हवा. मला पाहायचंय की आठवीत मागे राहिलेली मुलं पुढच्या जूनमध्ये शाळेत परत येतात किती.

त्याचं उत्तर तुमच्यासारख्या मुख्याध्यापकांच्या हजेरीपटांत आहे. समिती एखादा विषय हाती घेते तेव्हा लोकांकडून लेखी निवेदनं मागवते. ती इंग्रजी किंवा हिंदीत लागतात. नावं वगळून नुसते आकडे दिलेत तर मसुदा मी करून देतो, सही तुमची. त्यात नापासबंदीच्या विरोधात लिहिलंत तरी चालेल.