रक्तगट जुळला, देवक वेगळे निघाले. पण थॅलेसेमियाचे काय?

तुळशीचे लग्न झाले आणि याद्या-सुपाऱ्यांचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर परिसरातल्या भावकीच्या आणि वधू-वर सूचक व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मुलाला थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार होतो, गोत्र आणि देवक वेगळे असेल तर नात्यातल्या सोयरिकीतही धोका नसतो, घराण्यात आजवर कोणाला हा आजार झाला नसेल तर तो पुढेही होणार नाही, हल्ली जनुके बिघडतात ती रासायनिक खतांमुळे, दोष बहुधा मुलीकडून येतो, म्हणून रिपोर्टमध्ये ‘मायनर’, म्हणजे वाहक असल्याची नोंद, दिसली तर स्थळ मोडावे, आणि तरीही लग्न करायचेच असेल तर अमुक काढ्याने तीन महिन्यांत जनुके शुद्ध होतात. यातील प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि काही विधाने घातकही आहेत.

रक्तगटाचा मुद्दा लवकर आटोपता येईल. ए, बी, ओ हे गट ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते, तर बीटा थॅलेसेमियाला कारणीभूत असणारे बीटा ग्लोबिनचे (हिमोग्लोबिनच्या एका घटकाचे) जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘बी पॉझिटिव्ह’ नवरा आणि ‘बी पॉझिटिव्ह’ बायको यांच्या संसारात रक्तगटामुळे काहीही अडत नाही. हा गोंधळ बहुधा रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणाऱ्या आरएच घटकामुळे झाला असावा. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या गरोदरपणात अडचण येऊ शकते, आणि त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन दिले जाते. ती अडचण आनुवंशिक आजाराची नव्हे, आणि ती गट एक असल्याने नव्हे तर वेगळा असल्याने उद्भवते.

गोत्र-देवकाचा दावा मात्र आपल्या भागात जास्त बारकाईने तपासायला हवा, कारण मामाची मुलगी करण्याची रीत इथे जुनी आहे आणि तिच्यात कोणाला वावगे वाटत नाही. कूळ, गोत्र, देवक ही सगळी मोजणी बापाच्या बाजूने चालते. त्यामुळे मामेबहिणीचे कूळ आणि देवक एरवीही वेगळेच निघते आणि बैठकीत सगळे निर्धास्त होतात. जनुके मात्र आईकडून आणि बापाकडून सारखीच येतात. आतेभाऊ आणि मामेबहीण यांचे आजी-आजोबा एकच असल्याने दोघांची सरासरी एक-अष्टमांश जनुके समान असतात. थॅलेसेमियाच्या वाहकांचे, म्हणजे बिघडलेले जनुक असूनही स्वतः आजारी नसलेल्यांचे, प्रमाण भारतात सरासरी तीन ते चार टक्के मानले जाते. म्हणजे वाहक असलेल्या मुलाने नात्याबाहेर लग्न केले तर समोरची मुलगीही वाहक निघण्याची शक्यता साधारण पंचवीस ते तेहतिसात एक असते. त्याच मुलाने मामेबहिणीशी लग्न केले तर ही शक्यता किमान आठात एक होते. नात्यातले प्रत्येक लग्न धोक्याचे असते असा याचा अर्थ नाही. अशा बहुतेक जोडप्यांची मुले धडधाकट असतात. मात्र देवक पाहून धोका टळला असे समजणे निराधार आहे.

‘आमच्या घराण्यात कोणालाच नाही’ हे वाक्य सर्वाधिक फसवे आहे, कारण ते खरे असते. वाहक व्यक्तीजवळ बीटा ग्लोबिनच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आणि एक चांगली असते. चांगल्या प्रतीवर तिचे आयुष्य निर्वेध चालते. दोन्ही पालक वाहक असतील तरच आजार उघड होतो, आणि तेव्हाही प्रत्येक गरोदरपणात थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे गंभीर आजाराची, शक्यता 25 टक्के, मूल वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण मोकळे असण्याची 25 टक्के असते. दोनच मुलांच्या कुटुंबात दोन्ही मुले या आजारातून सुटण्याची शक्यता 56 टक्के आहे. म्हणजे नवरा-बायको दोघेही वाहक असून घरात आजाराचा मागमूस नाही, असे निम्म्याहून अधिक कुटुंबांत घडू शकते. मग एखाद्या घरात सहा-आठ महिन्यांचे मूल निस्तेज पडू लागते, प्लीहा वाढते, दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि वारंवारच्या रक्तामुळे साठणारे लोह काढण्यासाठी रोजची औषधे मागे लागतात. एक मूल असे झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, हा हिशेबही चुकीचा आहे; प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात.

वाहक ओळखायचा कसा, हे संदेशात कुठेही नाही. नेहमीच्या रक्ततपासणीचा कागद जरा नीट पाहावा. समजा, हिमोग्लोबिन 10.8, लाल पेशींची संख्या 59 लाख आणि पेशींचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही 64 आहे. हिमोग्लोबिन कमी म्हटल्यावर लोहाच्या गोळ्या सुरू होतात, महिनोन्‌महिने चालतात आणि आकडा हलत नाही. लोहाच्या कमतरतेत सहसा पेशीही कमी असतात. इथे पेशी भरपूर आहेत, पण लहान आहेत. एमसीव्हीला दशलक्षांतील पेशीसंख्येने, म्हणजे 5.9 ने भागले तर उत्तर 11 च्या आत येते, आणि 13 च्या खालचे उत्तर थॅलेसेमिया मायनरकडे बोट दाखवते. खात्री होते ती हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत: हिमोग्लोबिन ए-टू 3.5 टक्क्यांहून जास्त असेल तर व्यक्ती बहुधा वाहक असते. लोहाची मोठी कमतरता असेल तर हा आकडा थोडा दबतो, म्हणून सोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहसाठ्याचा आकडा, पाहिलेले बरे.

खतांविषयी अनेक रास्त तक्रारी असू शकतात, पण हा आरोप त्यांच्यावर टिकत नाही. बीटा ग्लोबिनमधील उत्परिवर्तने ऊसशेतीत युरिया येण्याच्या कितीतरी शतके आधीची आहेत. मलेरियाच्या प्रदेशांत वाहकांना त्या तापापासून काहीसे संरक्षण मिळत असल्याने ती टिकली आणि पसरली. ही कल्पना 1949 मध्ये मांडणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात येऊन इथलेच झाले. शिवाय उत्परिवर्तन म्हणजे रोग, हे समीकरणही चुकीचे आहे. प्रत्येक मुलात आई-बापांकडे नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात आणि बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही. हे बदल जास्त करून बापाकडून येतात आणि त्याच्या वयाबरोबर वाढतात. मुलीकडच्यांना दोष देणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. रक्त नीट न गोठण्याचा हिमोफिलियासारखा आजार आईमार्फत मुलात उतरतो हे खरे, पण त्याच्याही सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कोणालाच तो नसतो.

काढ्याने जनुके बदलत नाहीत. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने मंजूर केलेला कॅसजेव्ही हा जनुक-संपादनाचा उपचारसुद्धा रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींपुरता असतो. त्याच्या बीजपेशींत, म्हणजे शुक्राणूंत वा अंडपेशींत, तो पोहोचत नाही.

राहिला स्थळ मोडण्याचा सल्ला, जो या संदेशातला सर्वांत अन्यायकारक भाग आहे. थॅलेसेमिया मायनर असलेली मुलगी आजारी नसते. तिचा जोडीदार वाहक नसेल तर त्यांच्या मुलांना थॅलेसेमिया मेजर होण्याचा प्रश्नच उरत नाही. फार तर प्रत्येक मूल तिच्यासारखे वाहक होण्याची शक्यता 50 टक्के असते. जोडीदारही वाहक असेल तरी लग्नाला आडकाठी नाही. गर्भाची जनुकीय तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते, आणि गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा 1994 चा कायदा आनुवंशिक आजारांसाठीच्या अशा तपासणीला नोंदणीकृत केंद्रांत परवानगी देतो. रिपोर्ट मुलीचाच मागण्याची जी पद्धत पडत चालली आहे, तिला तर शास्त्राचा काहीच आधार नाही. दोघांपैकी कोणाही एकाची एचपीएलसी आणि पेशींचे आकडे निर्दोष असले की दुसऱ्याच्या तपासणीवाचून लग्नापुरता हा विषय मिटतो, आणि ती पहिली तपासणी मुलानेही करून घ्यायला हरकत नाही.