आधी हिशेबाची वही दाखवा

आज सकाळी आठ वाजता अमळनेरहून एक मुलगी नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी म्हणतो, कारण तिच्या सासऱ्यांशी माझी तीस वर्षांची ओळख आहे. एरवी ती दोन लेकरांची आई आहे आणि गेली चार वर्षे बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, उडदाचे पापड आणि काळा मसाला करून विकते. तिने पिशवीतून गळ्यात अडकवायचे फोटोचे ओळखपत्र काढले, त्याच्या शेजारी एक चकचकीत फाइल ठेवली आणि विचारले, "काका, मशीनचा बयाणा परत मिळतो का हो?"

प्रकार असा की एका बिझनेस कोचच्या तीन दिवसांच्या शिबिराला तिने ३५ हजार रुपये भरले होते. शेवटच्या रात्री दिवे मालवून, संगीत लावून सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले गेले आणि प्रत्येकाने आपले पाच वर्षांनंतरचे आयुष्य पाहिले. मग कागदावर लिहून घेतले, "पाच वर्षांत पाच कोटी." घरी गेल्यावर आठवड्याच्या आत माघार घेता येणार नाही असा एक मोठा निर्णय घ्यायचा, हा गृहपाठ होता. तिने चार लाखांच्या पापड मशीनसाठी ४० हजारांचा बयाणा देऊन तो पूर्ण केला. तीन दिवसांत तिला एकानेही विचारले नाही की बाई, महिन्याला तुमचे किती किलो पापड जातात आणि खर्च वजा जाता हातात काय उरते?

माझे डोके तिथेच फिरले.

त्यातही कहर म्हणजे त्या कोचने तिला तिच्याच गावाचे उदाहरण दिले. विप्रो अमळनेरला सुरू झाली, मग तुम्ही का नाही, असे म्हणून टाळ्या घेतल्या. सुरू झाली हे खरेच आहे, डिसेंबर १९४५ मध्ये. पण तिथे तेल गाळले जात होते, वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण तयार होत होता, आणि संगणकाच्या धंद्यात ती कंपनी ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर उतरली. म्हणजे तीस-पस्तीस वर्षे तेल आणि साबण! जैन इरिगेशन उभी करणाऱ्या वाकोदच्या भवरलाल जैनांचेही तेच. १९६३ मध्ये घरातली सात हजारांची पुंजी घेऊन त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली; केळी पावडरचा बंद कारखाना घेऊन पपईच्या चिकापासून पपेन हे पाचक द्रव्य काढायला लागेपर्यंत १९७८ उजाडले होते. व्यासपीठावरून ही नावे घेणाऱ्यांना मधली वर्षे सांगायची नसतात, कारण मधल्या वर्षांना कोणी ३५ हजार देत नाही.

मी एवढा का चिडतो, ते माझ्या जुन्या मित्रांना ठाऊक आहे. १९९९ मध्ये जळगावात भाड्याच्या शेडमध्ये मी केळी वेफर्सचा कारखाना काढला होता आणि सुरतेच्या एका व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर मिळाल्यावर गल्लीत पेढे वाटले होते. पेमेंट दीड महिन्यात ठरले होते, ते पाचव्या महिन्यात आले, तेही तुटक-तुटक. बायकोची पोत सराफ बाजारात गहाण पडली. ज्या आडत्याकडून मी कच्ची केळी उचलत होतो, ते पारोळ्याकडचे म्हातारे गृहस्थ एका रविवारी शेडवर आले. वसुलीलाच आले असणार, असे मला वाटले. ते केळीच्या रिकाम्या क्रेटवर बसले, टोपलीतला वेफरचा चुरा मूठभर तोंडात टाकला आणि शांतपणे विचारले, "भाऊ, तुना हिसाब कोठे शे?"

हिशेब माझ्या डोक्यात होता, आणि धंद्यात यापेक्षा वाईट जागा नाही. किलोभर वेफरला माझ्याकडे चार किलो कच्ची केळी लागत, त्याचे १२ रुपये. तेल १४ रुपयांचे. विक्री ४८ रुपयांना. म्हणजे किलोमागे २२ रुपये सुटतात, या खुशीत मी होतो. म्हाताऱ्यांनी पाठकोऱ्या कागदावर मजुरीचे ८, जळणाचे ३, पिशव्या-खोक्यांचे ४ आणि गाडीभाड्याचे ३ रुपये लिहिले. उरले ४ रुपये. मग गुंतलेल्या ४४ रुपयांवर शेकडा दोन रुपये महिना दराने पाच महिन्यांचे व्याज काढले, ते भरले ४ रुपये ४० पैसे. किलोमागे ४० पैसे मी पदरचे घालत होतो आणि आणखी मोठी ऑर्डर मिळावी म्हणून शनिवारी मारुतीला तेल वाहत होतो! त्या दिवशी मला कोणी "मोठा विचार करा" म्हणून सांगितले असते, तर शेड गेलीच होती, राहते घरही गेले असते.

आज सकाळी मीही तेच केले, मुलीला वही काढायला सांगितली. वही नव्हती, मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपवर ऑर्डरी होत्या आणि फाइलमध्ये पाच कोटी होते. आम्ही पाठकोऱ्या कागदावर बसलो. उडदाची डाळ, पापडखार, हिंग, मिरे, पिशव्या, सगळे लिहून झाले. "आणि तुझी मजुरी?" म्हटल्यावर ती हसली आणि म्हणाली, "ती कशाला धरायची, घरचंच तर आहे." सोबत लाटायला बसणाऱ्या सासूबाई आणि नणंद याही घरच्याच. तिघींची मजुरी धरली, तेव्हा पापडाचा नफा जवळजवळ संपला. बिबड्यांत थोडा उरला, खरी कमाई काळ्या मसाल्यात निघाली. मसाल्याविषयी त्या शिबिरात चकार शब्द निघाला नव्हता, कारण तिथे "एकच प्रॉडक्ट निवडा" असा मंत्र दिला होता आणि तिने पापड निवडला होता.

आता मशीनचे पाहा. आपल्याकडे वाळवण फाल्गुन ते वैशाख चालते, हे तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात तिच्या गच्चीवर काय वाळणार आहे? ड्रायर घ्यायचा तर त्याची किंमत आणि विजेचे बिल वेगळे. लाटायला हात कमी पडतात म्हणून तिची विक्री अडलेली नाही. गिऱ्हाईक तेवढेच आहे आणि ऊन तेवढेच आहे. चार लाखांचे मशीन वर्षातले आठ-नऊ महिने गोणपाटाखाली राहील आणि हप्ता मात्र श्रावणातही येईल. तिला खरी गरज आहे ती भाद्रपद-आश्विनात नवा उडीद बाजारात येतो तेव्हा डाळ भरून ठेवायला लागणाऱ्या खेळत्या भांडवलाची. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते, तेवढ्यात तिचे काम भागेल.

तेवढ्यात नवऱ्याने सरकारी योजनेचा विषय काढला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० पासून केंद्राची योजना आहे, प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते, हे तो बरोबर सांगत होता. योजना चांगलीच आहे. पण उरलेले ६५ टक्के पापड विकूनच फेडायचे असतात, आणि अनुदानासाठी फुगवलेल्या किती शेडना आज कुलूप आहे, ते तुम्ही-आम्ही रोज जाता-येता पाहतोच. उधारीचेही तसेच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकवावे लागतात; पण एकच मोठा गिऱ्हाईक असलेला माणूस त्याच्याच विरुद्ध अर्ज करील का? म्हणून एकाच माणसाला निम्म्याहून अधिक माल देऊ नये, हे म्हाताऱ्यांनी मला दुसऱ्या रविवारी शिकवले होते.

त्या शिबिरात तिला काहीच मिळाले नाही, असे म्हणता येणार नाही. ती माइकवर बोलायला शिकली. चार वर्षे सासऱ्यांसमोर मान खाली घालून बोलणारी ही मुलगी आज माझ्याशी नजरेला नजर देऊन वाद घालत होती, आणि ते श्रेय त्या लोकांना द्यावेच लागेल. ३५ हजारांत नव्हे, पण द्यावे लागेल.

लिहिता-लिहिता राग थोडा उतरला आहे. खरे तर त्या म्हाताऱ्यांनी मला स्वप्न दाखवले असते, तर मला त्या दिवशी आवडलेच असते. ते मात्र चौदा महिने दर रविवारी येत राहिले. माझा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पाहायचे, चुकलेल्या आकड्यावर बोट ठेवायचे आणि वसुलीचा विषय मी स्वतः काढेपर्यंत काढायचे नाहीत. त्यांची थकबाकी फिटायला तीन वर्षे लागली, पोत सुटायला चार. आज माझ्याकडे नऊ माणसे कामाला आहेत, कोट्यवधी नाहीत. कुठल्याही शिबिरात माझा फोटो लागणार नाही.

दुपारी आम्ही मशीनवाल्याला फोन केला. तो आधी साफ नाही म्हणाला, मग मसाला दळायची लहान चक्की घेत असाल तर बयाणा तिकडे वळता करतो, असे बोलला. चक्कीचा हिशेब अजून व्हायचा आहे, त्यामुळे होकार दिलेला नाही. पुढच्या रविवारपासून ती रोजमेळ घेऊन येणार आहे.

निघताना नवऱ्याने संकोचाने विचारले, काका, तुमची फी किती? मी सांगितले की माझ्या गुरूने दर रविवारी पावशेर वेफरचा चुरा घेतला होता, तर मलाही बिबड्यांचा चुरा पाठवत जा, शेंगदाणे आणि कच्चे तेल घालून खाईन.

मुलगी दारातच थांबली, परत आत आली आणि पेन मागून घेतले. "काका," ती म्हणाली, "चुरा तर आपण हिशेबात धरलाच नाही."