बंद करून चालू

शनिवारी संध्याकाळी भर वर्गात एका मावशींनी मला नापास केलं. पेपर मीच काढला होता, हे जास्त लागलंय.

साताऱ्यातल्या एका क्लासमध्ये मी तासिका तत्त्वावर 'डेस्कटॉप सपोर्ट' शिकवतो. मुलं बारावी झालेली, काही आयटीआयला 'कोपा' म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स केलेली, काही 'दिवसभर मोबाईलच बघतोस ना, मग तिथं जाऊन बस' म्हणून घरच्यांनी पाठवलेली. यांना स्क्रू काढायला फार आवडतात. रॅम उपसून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवला आणि बंद पडलेलं मशीन बीप-बीप न करता उठलं, की देव पावल्याचा आनंद. नेटवर्क केबलच्या आठ तारा तर पावकीच्या चालीत म्हणतात. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्रिम्पिंग करताना, म्हणजे तारा प्लगमध्ये दाबून बसवताना मात्र निळी आणि हिरवी हमखास जागा बदलतात.

लॅबमधल्या मशीनवर अजून विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे सपोर्ट शिकवायचा, तोही सपोर्ट संपलेल्या मशीनवर. मालकांना सांगितलं तर म्हणतात, "चालतंय ना? मग?"

असो. नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी हातात पक्कड नाही, हेडफोन येतो. पलीकडे मशीन नसतं, वैतागलेला माणूस असतो. म्हणून शनिवारी फोनवर बोलायचा सराव. फळ्यावर मी नियम लिहिले : नाव सांगा. आधी ऐका. मध्ये बोलू नका. सोपं बोला. दोष दुसऱ्यावर ढकलू नका.

ग्राहक कोण होणार? मुलं ग्राहक झाली की चिडत नाहीत, फिदीफिदी हसतात. बाहेर बाकावर नातवाची वाट बघत एक मावशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय. मला हुशारी सुचली. त्यांना आत बोलावलं, पाठीला पाठ लावून दोन खुर्च्या मांडल्या आणि चिठ्ठी दिली : 'कॉम्प्युटर फार हळू चालतो.'

"बोला," मी म्हणालो.

"कोण बोलतंय?"

मागून कोणीतरी खडूने फळ्यावर फुली मारली. पहिला नियम.

नाव सांगितलं. त्यांनी तक्रार सांगायला सुरुवात केली. "आमचा कॉम्प्युटर दिवाळीपासून..."

"बंद करून चालू केलात का?"

दुसरी फुली. लगेच तिसरीही.

"रोज रात्री बंद करते. सकाळी चालू करते."

"तसं नाही मावशी. शट डाउन नाही, रीस्टार्ट."

"दोन्हीत फरक काय?"

इथं मी घसरलो. हा माझा लाडका विषय. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, बहुतेक मशीनवर ते आपोआप चालू असतं. शट डाउन केलं की आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आपली अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच वाचून उठतो. म्हणून रोज रात्री बंद केलेल्या मशीनचा टास्क मॅनेजर बघितला, तर तो सांगतो, अकरा दिवस झाले मी जागाच आहे. रीस्टार्ट केलं तरच पाटी कोरी. हे सगळं मी एका दमात सांगितलं. कर्नल, हायबरनेशन, सगळं. चौथी फुली.

मावशी थोडा वेळ गप्प. मग शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे बंद केलं की बंद होत नाही, आणि बंद करायचं असेल तर परत चालू करायचं?"

"...हो."

"मग त्या बटणावर 'बंद' असं का लिहिलंय?"

"ते मी लिहिलेलं नाही! मायक्रोसॉफ्टला विचारा!"

पाचवी फुली. खडू तुटला, इतक्या आनंदाने मारली.

तेवढ्यात नातू लाजत म्हणाला, "सर, आजी टेलिफोन एक्स्चेंजला होती. १९८ ला."

आताच्या पोरांना १९८ काय कळणार? फोन बिघडला की शेजाऱ्याकडे जाऊन हा नंबर फिरवायचा आणि तक्रार नोंदवायची. साताऱ्याचा पाऊस, भिजलेल्या केबली आणि पलीकडून 'आमचा फोन डेड' म्हणून ओरडणारं अख्खं गाव. त्या खुर्चीवर या बाईंनी नोकरी काढली होती आणि मी त्यांना ग्राहकाशी कसं बोलायचं ते दाखवत होतो.

"उठा," मावशी म्हणाल्या. "मी बसते तिकडे. तुम्ही तक्रार सांगा."

चिठ्ठी कुठं गेली होती कोण जाणे. तोंडात आलं ते बोललो. "दोन महिने झाले, मानधन आलं नाही."

वर्ग चिडीचूप. मावशींचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"नमस्कार. कधीपासून म्हणालात?"

"सप्टेंबरपासून."

"आधी नोंदवली होती?"

"तीनदा."

"कोणी घेतली?"

मी काचेच्या केबिनकडे बघितलं. मावशींनीही मान वळवून बघितलं.

"नोंद केली. डॉकेट नंबर सतरा. लिहून घ्या."

मी लिहून घेतला. खरंच.

मालक टाळ्या वाजवत बाहेर आले. "वा मावशी! दर शनिवारी या!" आणि खिशातून कडक पाचशेची नोट काढून त्यांच्या हातात ठेवली. जागच्या जागी. ना व्हाउचर, ना 'पुढच्या आठवड्यात बघू'.

मावशींनी नोट मेथीच्या पिशवीत घातली, नातवाला पुढे केलं आणि दारात थांबून मला हळूच म्हणाल्या, "केबल फॉल्ट दिसतोय हो, सर. त्याला वेळ लागतो."